फक्कीचं घर

रामजी कंडक्टरच्या घरात शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागतात. ह्यात नवल काही नाही, कुणाच्याही घरी काढाव्या लागतात. नवल एवढंच, की रामजीला घर नाही.

महाडहून पोलादपूरकडं जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या कडेला पूर्वी भाताची खाचरं होती. त्यांवर मुरमाचा भराव टाकून प्लॉट पाडले. त्यातल्या एका प्लॉटवर रामजीनं घर आखलंय. आखलंय म्हणजे जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं ओढलंय. भिंतीच्या जागी फक्कीच्या दोन रेघा, दाराच्या जागी रेघ तोडलेली, खिडकीच्या जागी तीन टिकल्या. चार कोपऱ्यांना चार खुंट्या आणि खुंट्यांना सुतळी. बाकी वर आभाळ. ह्या घराच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर रामजी बसलेला असतो आणि कोणी आलं की तिथनंच ओरडतो, "दरवाजातनं या, दरवाजातनं! चपला उंबऱ्याबाहेर! आत सरका, मागं जागा हाय!"

पोस्टमन चपला काढतो. गॅसची टाकी आणणारा काढतो. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्यानं तर बूट काढले, मोजे काढले, हात जोडले आणि "घर हवेशीर आहे" असं म्हणून गेला.

मी काढत नाही. मी गवंडी माणूस. शाळा तिसरीतनं सुटली, पण ओळंबा धरायला कधी चुकलो नाही. ओळंबा खोटं बोलत नाही आणि मीही बोलत नाही, हे महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात कोणालाही विचारा. ज्याला वीट नाही, दगड नाही, सिमेंट नाही, त्याला मी भिंत म्हणणार नाही. माझं घर त्याच्या शेजारी, डाव्या अंगाला. मी सरळ त्याच्या डाव्या भिंतीवरून पाय टाकून आत जातो.

"नारबा, भिंत तुडवलीस!"

"कुठं हाय भिंत?"

"तुझ्या टाचेला लागलीय बघ."

हे आमचं रोजचं. त्यानं फक्की परत भुरभुरवायची, मी परत तुडवायची.

रामजीची सगळी नोकरी लाल गाडीत गेली. महाड, पोलादपूर, कुडपण, आणि परत. तो मूळचा कुडपणचाच. गाडीच्या दारात उभं राहून तीस-बत्तीस वर्षं त्यानं रस्त्याकडेची घरं पाहिली. प्रवाशांचे चेहरे तो विसरला, पण कोणी कधी कौलं काढून स्लॅब टाकला हे त्याला गावनिहाय पाठ आहे. नोकरी सुटली, पण तिकिटाला भोक पाडायचा चिमटा त्यानं स्वतःकडं ठेवला. एखादी गोष्ट कायमची ठरली की तो हवेत चिमटा वाजवतो, कट्ट, आणि म्हणतो, "तिकीट फाडलं. आता उतरता येणार नाय."

घराच्या बाबतीत मात्र त्यानं एवढी तिकिटं फाडली आणि एकही गाडी सुटली नाही.

प्लॉट घेतला तेव्हा आम्ही दोघंही काळ्या केसांचे होतो. पहिलं घर मीच आखून दिलं. तीन-चार-पाचचा काटकोन धरला, सुतळी ताणली. तेव्हा रामजीच्या मनात कुडपणचंच घर होतं, फक्त थोडं रुंद. पुढं पडवी, मग ओटी, मग माजघर, मागं चूल आणि न्हाणी. वर मंगलोरी कौलं. गणपतीला सगळी भावकी मावली पाहिजे, एवढी एकच अट. त्याची बायको सुमन वयनी म्हणाली, "नारबाभावजी, माझ्या डोळ्यात धूर नको, बाकी काय पण बांधा." मी धुराड्याची जागा काढली. पाया खणायला कुदळ आणली. रामजीनं चिमटा वाजवला.

चार दिवसांनी येऊन म्हणतो, "नारबा, थांब. कापडे गावाजवळ एकानं स्लॅबचं काढलंय. वर गच्ची. माझा संदीप म्हणतो, आपल्याला पण गच्ची."

संदीप म्हणजे त्याचा मुलगा, तेव्हा शाळेत होता. मी कुदळ घरी नेली. दुसरं घर आखलं ते चौकोनी पेटीसारखं. पडवी गेली, तिथं ग्रील आलं. रामजीनं फक्कीच्या कोपऱ्याकोपऱ्यात टिकल्या काढल्या.

"ह्या काय?"

"सळया. वरच्या मजल्याला सोडल्यात."

"खालचा मजला कुठं हाय?"

"तू बांधणार हायस ना!"

मी बांधणार होतो. दर वर्षी दसऱ्याला मी थापी पुसून ठेवायचो आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. पावसात फक्की धुऊन जायची आणि गणपती झाले की नवं घर उगवायचं. संदीपला मुंबईकडं नोकरी लागली, तसा घरात 'हॉल' आला, माजघर गेलं. लग्न झालं, तसा 'अटॅच' आला. त्या अटॅचवरून आमचं आठ दिवस भांडण झालं. मी म्हटलं, झोपायच्या खोलीत संडास म्हणजे काय माणसं हायत की कोण? रामजी म्हणाला, पोरांना रात्रीचं बाहेर जायला नको. मी तावातावानं बोलत फिरत होतो, तर तो मध्येच म्हणाला, "नारबा, आधी तिथनं बाहेर ये. तू आता संडासात उभा हायस."

मग सून आली. स्नेहल. बोलायला गोड मुलगी. तिनं फोनवर सांगितलं, "बाबा, किचन ओपन ठेवा." रामजीला कळलं नाही. तिनं समजावलं, की हॉल आणि स्वयंपाकघर ह्यांच्यामध्ये भिंतच घालायची नाही. रामजी खूश. "बघ नारबा, शिकलेल्या पोरी! एक भिंत वाचवली. ह्या वर्षी फक्की उरली." सुमन वयनीनं मात्र बजावलं, की माशांचा वास हॉलमध्ये आला तर मी चूल परसात नेईन. तेव्हा परसात दुसरी चूल निघाली. मग मोबाईलवर कोणीतरी वास्तूचं ज्ञान पाठवलं आणि संडासानं एका हिवाळ्यात तीन दिशा बदलल्या. नात ओवी बोलायला लागली, तिला घरात झोपाळा पाहिजे. मग झाड पाहिजे. झाड घरात! रामजीनं हॉलच्या मध्ये गोल काढला आणि मला म्हणाला, "जपून चाल, फणसाला धडकशील."

ह्या सगळ्या काळात तो स्वतः राहतो कुठं? प्लॉटच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली आहे. एक बाजलं, एक शेगडी, एक खुंटी. ती तात्पुरती. ओवीच्या जन्माच्या आधीपासून तात्पुरती.

ओवी झाली तेव्हा सुमन वयनी बाळंतपणाला म्हणून संदीपकडं बदलापूरला गेली. सहा महिने म्हणाली होती. ओवी आता पाचवीत आहे. मधनंमधनं वयनी गणपतीला येते, पत्र्याच्या खोलीत आठ दिवस काढते, डबे घासते आणि जाते. तिचंही चुकत नाही. सून कामाला जाते, पोरीकडं कोण बघणार?

रामजी एकदा गेला होता बदलापूरला, कायमचा म्हणून. मीच त्याला वीरच्या स्टेशनात गाडीत बसवून आलो. नवव्या दिवशी परत हजर. त्यांचं घर चौदाव्या मजल्यावर. हा लिफ्टमध्ये दाराशी उभा राहायचा आणि आत येणाऱ्याला म्हणायचा, "पुढं सरका, कुठं उतरणार?" दोन दिवस लोक हसले, तिसऱ्या दिवशी कोणीतरी संदीपला सांगितलं. मी विचारलं, "म्हणून आलास?" तर म्हणाला, "नाय रे. तिकडं घर पुरं झालंय. काय बोलायला उरलंच नाय." तेव्हा मला वाटलं, म्हातारा काहीतरी बरळतोय.

खरं सांगतो, माझ्या मनात एक अढी होती. मला वाटायचं, ह्याला माझ्या हातावर भरवसा नाही. अख्ख्या गावानं माझ्याकडून घरं बांधून घेतली आणि शेजारी राहणारा हा, दर वर्षी नवीन नकाशा काढून मला टाळतो. मी त्याला तसं तोंडावर बोललो पण होतो. तो नुसता हसला होता.

ह्या माघात एका रविवारी संदीप आला. वीरहून रिक्षा करून आला, बरोबर एक तरुण साहेब. साहेबाच्या हातात मोठा मोबाईल, त्यात घराची चित्रं. मी शेजारून बघत होतो, मग भिंतीवरून आत गेलो. साहेब मात्र दारातनं आला, बूट काढून. रामजीनं त्याला "आत सरका" म्हटलं, पण आवाज नेहमीसारखा नव्हता.

संदीप म्हणाला, "बाबा, आता बास झालं. एवढी वर्षं आपण नुसतं आखतोय. तयार घर मिळतं हल्ली. कारखान्यात बनवतात, ट्रेलरवर आणतात, क्रेननं उतरवतात. आठ दिवसांत उभं."

"आठ दिवसांत?" रामजी म्हणाला.

"पाया केला की झालं. पुढं सगळी काच. शनिवार-रविवारी होमस्टेला द्यायचं. लोक येतात ना किल्ल्यावर, घाटात. तुम्ही फक्त चावी द्यायची."

"आणि तुम्ही?"

"आम्ही येऊ ना. बुकिंग नसेल तेव्हा."

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. म्हटलं, "गवंडी नको?" साहेब म्हणाला, "पायापुरता लागेल, काका." पायापुरता! मी गप्प बसलो, कारण तोंड उघडलं असतं तर साहेबाला अनवाणी पळावं लागलं असतं.

"ओवीचा झोपाळा?" रामजीनं विचारलं.

"ह्या मॉडेलमध्ये नाही बसत," साहेब म्हणाला.

मी वाट बघत होतो, रामजी आता काहीतरी खुसपट काढेल. त्यानं काढलं नाही. संदीप म्हणाला, "मग फायनल ना, बाबा?" रामजीनं खिशातला चिमटा चाचपला. वाजवला नाही. "तुमची सोय बघा," एवढंच म्हणाला. साहेब पुढच्या आठवड्यात जमीन बघायला माणूस पाठवणार होता.

त्यानंतर सहा दिवस रामजी मला भिंतीवरून ओरडला नाही. मी मुद्दाम दोनदा तुडवून गेलो. काही नाही. फक्की विस्कटली होती तशीच पडलेली. सातव्या दिवशी दुपारी गेलो तर खुर्चीत बसलेला, मांडीवर फोन, आणि फोनकडं असा बघतोय जसा माणूस न येणाऱ्या गाडीच्या वळणाकडं बघतो.

"काय रे, घर येतंय ना तुझं? मग सुतक का?"

"आज रविवार," तो म्हणाला.

"मग?"

"फोन नाय आला."

"येईल. कामं असतात पोरांना."

"कामं पहिल्यापासनं हायत." त्यानं मांडीवरचा फोन पालथा घातला. मग खाली बघून बोलला. "नारबा, फोन आला की आमचं काय बोलणं होतं माहीत हाय तुला? जेवलात का. जेवलो. बीपीची गोळी घेतली का. घेतली. संपलं. पुढं संदीप गप्प, मी गप्प. मग मी हळूच म्हणायचो, अरे, ओवीची खोली पूर्वेला काढू की पश्चिमेला? की झालं! सगळी फोनवर जमा. सून एक सांगते, पोरगी एक सांगते. तुझी वयनी त्यांच्या हातातनं फोन ओढून घेते आणि माझ्याशी भांडते, अवो, तुम्हाला अक्कल हाय का, तुळस कुठं ठेवलीत? अर्धा अर्धा तास. कधी तास. पुढच्या रविवारी परत तेच, काय ठरलं बाबा? ठरलं म्हटलं असतं तर काय विचारलं असतं?"

मी फणसाच्या गोलात उभा होतो. तिथंच बसलो.

"आता ठरलं," तो म्हणाला. "आता काय विचारायचं?"

माझ्या स्वभावाप्रमाणं मी समजूत काढण्याऐवजी वाद घातला. म्हटलं, "घर ते घर. विटांचं असतं ते खरं. माझं बघ. आठ खोल्या. माझ्या हातानं बांधल्या. एक तडा दाखव."

"नाय तडा," रामजी म्हणाला. "कुलपं किती हायत?"

मी उठलो आणि भिंतीवरून निघून आलो.

घरी आलो. माझी दोन मुलं, एक पुण्यात, एक वापीला. बांधताना दोघांनी किती डोकं खाल्लं होतं माझं. माझी खोली रस्त्याकडं हवी, माझ्या खोलीत दोन खिडक्या हव्यात, कपाट भिंतीतलं हवं. बायको होती तेव्हा. ती तर फडताळाच्या उंचीवरून चुलीवरचं सोडून धावत यायची. सगळ्यांना दिलं, मागितलं तसं दिलं. वास्तुशांत केली, जेवणावळ घातली. त्यानंतर कोणी काही मागितल्याचं आठवेना. आठ खोल्यांपैकी सहांना कुलूप आहे. चाव्या एकाच खिळ्याला अडकवलेल्या. मी त्या दिवशी उगाच एक खोली उघडली, भिंतीला ओळंबा लावला. भिंत सरळच होती. खोली परत बंद केली.

बुधवारी जमीन बघायला माणूस आला. पहार घेऊन आलेला, वहीत लिहिणारा. रामजी खुर्चीत. तो माणूस दारातनं आला की भिंतीतनं, हे रामजीनं बघितलं पण नाही. रामजीनं फक्त संदीपला फोन लावून ठेवला होता, आवाज मोठा करून. संदीप पलीकडनं म्हणाला, "नारायणकाका आहेत का तिथं? त्यांना विचारा. भराव त्यांच्यासमोर पडलाय. ते सांगतील ते खरं."

त्या माणसानं मला विचारलं, "काका, जमीन बसलीय ना?"

आता ती जमीन कशी आहे ते सांगतो. तो मुरूम एवढ्या पावसाळ्यांनी दाबला आहे की मागच्या वर्षी रामजीच्या खोलीला मोरी काढताना माझी कुदळ दांड्यापाशी मोडली. रामजी तिथंच उभा होता, त्यानंच मोडका दांडा उचलून चुलीत घातला. लोखंड आहे ते. त्यावर दोन मजले चढवा, हलणार नाही.

मी खाली वाकलो. चिमूटभर माती घेतली, चोळली, वास घेतला. म्हटलं, "नाय बसली."

"नाही?"

"खाली खाचर हाय. नदी चढली की पाणी खालनं येतं आणि भराव पोकळ करतं. वरनं टणक दिसेल, पण क्रेन उभी केलीत तर कलंडेल. नवीन मुरूम टाका, पाणी मारा, दोन पावसाळे खाऊ द्या. मग या."

तो माणूस पहार मारायला निघाला होता. मी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं पहार खांद्यावर घेतली आणि वहीत लिहिलं. पलीकडनं संदीपचा श्वास ऐकू आला. "दोन वर्षं? काका, नक्की ना?"

"मी आजवर कधी खोटं सांगितलंय का?" मी म्हटलं. हे मात्र खरं होतं. त्या घटकेपर्यंत.

रामजी माझ्याकडं बघत होता. त्याला कुदळ आठवत होती, हे मला त्याच्या तोंडावरून दिसलं. तरी त्यानं फोन बंद करून खिशात ठेवला. मी घरी आलो आणि तीन दिवस त्याच्याकडं फिरकलो नाही. खोटं बोललो त्याची लाज वाटली म्हणा. पंचाहत्तरीला येऊन हाताला डाग लागला, आणि तोही फुकट.

रविवारी सकाळी त्याच्या ओरडण्यानं जाग आली. "पूर्वेला कसा येईल जिना? पूर्वेला देव हाय! अगो सुमन, फोन ओवीकडं दे, तुला कळत नाय!"

फोनचा आवाज मोठा केलेला. माझ्या अंगणात ऐकू येत होतं. संदीप म्हणत होता, "बाबा, दोन वर्षं आहेतच, तर काचेचं राहू दे. आपलंच नीट बांधू. वर एक मजला काढला तर?" स्नेहल म्हणत होती, वर टेरेस गार्डन. ओवी म्हणत होती, झोपाळा वर नको, खालीच हवा, झाडाला. वयनी सगळ्यांच्या वरच्या पट्टीत, तुळस, तुळस.

मी चपला घातल्या आणि निघालो. सवयीनं डाव्या अंगाला गेलो, पाय उचलला, आणि थांबलो. रामजीनं पहाटेच सगळं नव्यानं आखलं होतं. ताजी फक्की, करकरीत रेघा. आणि मी रोज जिथनं पाय टाकून आत जातो, बरोबर तिथं, डाव्या भिंतीत, रेघ तोडलेली. अडीच हात. दोन्ही बाजूंना चौकटीच्या टिकल्या. बाहेर पायरीचा चौकोन.

गवंडी म्हणून सांगतो, त्या दाराला काही अर्थ नाही. भिंतीच्या मधोमध, हॉलची बैठक मोडणारं. कुठल्याही घराला असं दार मी काढू दिलं नसतं.

फोनमधनं वयनी विचारत होती, रामजीनं पाठवलेला फोटो तिच्यासमोर असावा किंवा त्यानं सांगितलं असावं, "अवो, आणि डाव्या अंगाला हे दुसरं दार कशाला? तिकडं कोण येतंय?"

रामजीनं माझ्याकडं बघितलं. खिशातनं चिमटा काढला आणि हवेत वाजवला. कट्ट.

"असू दे गो. तिकीट फाडलंय."

मी पायरीच्या चौकोनात उभा राहिलो. मग चपला काढल्या, जोडीनं नीट कडेला लावल्या, आणि आत गेलो.